अँग्लो-व्हर्नाक्युलर : एका जोडविशेषणाचें कुळ आणि मूळ

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या माझ्या भाषणाचा विषय एक शब्द आहे. म्हटला तर तो एक आहे, म्हटले तर दोन; कारण दोन इंग्रजी विशेषणें मधल्या आडव्या रेघेनें जोडून तो बनलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘अँग्लो-व्हर्नाक्युलर’. ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांचे जुने दाखले अजून ट्रंकेच्या तळाशीं जपून ठेवलेले असतील, त्यांच्या पाहण्यांत तो कधीं तरी आला असेल. ‘ए. व्ही. स्कूल’ हें त्याचें आटोपशीर रूप. जुनीं आत्मचरित्रें वाचतांना तें हटकून भेटतें. त्या शाळा गेल्या, त्यांच्या पाट्या उतरल्या. मग आज त्या शब्दाची आठवण कशासाठीं, असें आपण विचाराल. त्याचें उत्तर भाषण संपण्यापूर्वीं मी देणार आहें. तूर्त इतकेंच सांगतों कीं, शब्द वापरांतून गेला म्हणून त्याच्यामागची समजूत जात नाहीं. ती दुसरें नांव घेऊन पुन्हां आपल्याच दारांत येऊन उभी राहते.

मी भाषापंडित नव्हे. जुनी अकरावी, म्हणजे त्या वेळचें मॅट्रिक, होऊन मी प्राथमिक शाळेंत मास्तर झालों आणि मास्तर म्हणूनच निवृत्त झालों. परंतु फळ्यावर शब्द लिहून तो फोडून दाखविण्याची संवय मास्तराला जन्माची जडते. त्या संवयीप्रमाणें आज हा शब्द आपल्यापुढें फोडून दाखवितों.

पहिला तुकडा ‘अँग्लो’. युरोपच्या उत्तरेस, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या सीमेजवळ अँगल्न नांवाचा एक किनाऱ्यालगतचा प्रदेश आहे. तिकडील अँगल लोक इसवी सनाच्या पांचव्या शतकापासून सॅक्सन, ज्यूट वगैरे टोळ्यांबरोबर समुद्र ओलांडून ब्रिटन बेटांत जाऊन राहिले. लॅटिन ग्रंथकार त्यांना ‘अँग्ली’ म्हणत. त्यांच्याच नांवावरून इंग्लंड आणि इंग्लिश हे शब्द आले. हें नांव समासांत पूर्वपद झालें म्हणजे त्याला ओकार लागतो आणि ‘अँग्लो’ असें रूप होतें. म्हणजे ज्या नांवाच्या दराऱ्यानें आपल्या तीन-चार पिढ्या चळचळां कांपल्या, तें मुळांत एका लहानशा किनारपट्टीवरून पोटापाण्यासाठीं बाहेर पडलेल्या टोळीचें नांव होय. शब्दांचें कुळ शोधूं लागलें कीं मोठमोठ्यांच्या वंशावळी अशा साध्या निघतात.

दुसरा तुकडा अधिक विचार करण्याजोगा आहे. ‘व्हर्नाक्युलर’ हा शब्द लॅटिन ‘व्हर्नाक्युलुस’ यावरून आला, आणि तो ‘व्हर्ना’ या नामावरून. प्राचीन रोममध्यें गुलाम दोन प्रकारांनीं मिळत. कांहीं युद्धांत जिंकून आणलेले किंवा बाजारांत विकत घेतलेले असत. कांहीं धन्याच्याच घरांत, त्याच्या दासीच्या पोटीं जन्मलेले असत. या दुसऱ्या प्रकारच्या, घरांत जन्मलेल्या गुलामाला ‘व्हर्ना’ म्हणत. आपल्या इकडे पेशवाईंत बटकीच्या पोटीं वाड्यांतच जन्मलेलें पोर जसें घरचें म्हणून वावरे, पण घरांतल्यांच्या पंक्तीला बसत नसे, तशीच त्याची अवस्था. ‘व्हर्नाक्युलुस’ म्हणजे या घरजन्म्या दासासंबंधीचें. आणि त्यावरून पुढें घरचें, घरगुती, देशांत उपजलेलें, बाहेरून न आणलेलें.

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. रोमन लोकांनींच हें विशेषण भाषेला लावलें तेव्हां त्यांत तुच्छता नव्हती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांत व्हारो नांवाचा एक मोठा विद्वान होऊन गेला. त्यानें लॅटिन भाषेवर जो ग्रंथ लिहिला त्यांत जलचर प्राण्यांच्या नांवांची चर्चा करतांना तो म्हणतो कीं, यांतील कांहीं नांवें घरचीं आहेत व कांहीं परकीं आहेत. ‘घरचीं’ यासाठीं त्यानें हाच शब्द योजला आहे. आपल्या प्राकृत वैयाकरणांनीं शब्दांचे तत्सम, तद्भव आणि देशी असे वर्ग केले, आणि बाराव्या शतकांत हेमचंद्रानें ‘देशीनाममाला’ हा कोशच रचला. त्यांतल्या ‘देशी’ शब्दाचा आणि व्हारोच्या या शब्दाचा भाव बराचसा जुळता आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभीं हा शब्द इंग्रजींत आला तो ‘जन्मभूमीची बोली’ याच अर्थानें. तेव्हां एकोणिसाव्या शतकांत ज्या साहेबानें मराठीला ‘व्हर्नाक्युलर’ म्हटलें, त्याच्या डोळ्यांपुढें रोमन गुलाम उभा होता असें मानण्याचें कारण नाहीं. धात्वर्थ हा शब्दाचा जन्मदाखला असतो, चारित्र्याचा दाखला नव्हे.

मग आक्षेप कशाला? आक्षेप असा कीं, लंडनमध्यें बसून इंग्रज स्वतःच्या कचेरींत स्वतःच्या भाषेला हें विशेषण लावीत नसे. मराठी, गुजराती, कानडी, सिंधी या भाषांना मात्र सरकारी कागदांत सरसकट एकच नांव पडलें, ‘व्हर्नाक्युलर’. ज्या भाषांना स्वतःचीं नांवें होतीं, व्याकरणें होतीं, ग्रंथ होते, त्यांची ओळख ‘घरांत उपजलेल्या’ एवढीच उरली. घरांत खरें, पण घर कोणाचें, आणि घरांत मालक कोण, हा प्रश्न त्यांतून आपोआप सुटला. शब्दाच्या कोशांत नसलेला अर्थ राज्यव्यवस्थेनें त्याच्यांत परत आणून बसविला.

आतां समास पाहूं. ‘अँग्लो-व्हर्नाक्युलर’ म्हणजे इंग्रजी आणि देशी. आपल्या व्याकरणाप्रमाणें हा द्वंद्व. संस्कृत वैयाकरणांनीं द्वंद्वांत कोणतें पद आधीं यावें याचे नियम सांगितले आहेत. एक नियम असा कीं, ज्यांत स्वर थोडे तें पद आधीं. दुसरा असा कीं, जें अधिक पूज्य तें आधीं. म्हणून आपण मातापिता म्हणतों. गंमत अशी कीं, दोन्ही नियमांनीं ‘अँग्लो’च पुढें येतो, त्याचे स्वरहि थोडे आणि मानहि मोठा! हा थाट एकट्या या शब्दाचा नव्हे. अलिगडचें कॉलेज ‘महामेडन अँग्लो-ओरिएंटल’. लाहोरास १८८६ सालीं निघालेली संस्था ‘दयानंद अँग्लो-वैदिक’. पुण्याच्या कँपांत आजहि ‘अँग्लो-उर्दू’ नांवाची शाळा आहे. स्वधर्माच्या आणि स्वभाषेच्या अभिमानानें काढलेल्या संस्थांनाहि आपल्या पाटीवर पहिलें आसन पाहुण्यालाच द्यावेंसें वाटलें. यांत त्यांचा दोष नव्हता. काळच तसा होता. परंतु काळ कसा होता हें पाटीवरून कळतें, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

आणि नेहमींच असें होतें असेंहि नाहीं. मराठीचा आणि इंग्रज माणसाचा पहिला मोठा संबंध अगदीं उलट रीतीनें आला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यांत आला. येथल्या लोकांची भाषा तो शिकला आणि १६१६ सालीं त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें. तें मराठी ओवींत आहे, आणि त्यांत त्यानें मराठीचें तोंड भरून कौतुक केलें आहे. त्याला सांगावयाचें होतें स्वतःच्या धर्माचें. पण त्यासाठीं त्यानें आसन मागितलें तें मराठीच्या पंक्तीला. त्याच्याहि आधीं, शके १२१२ म्हणजे १२९० सालीं, नेवाशाला ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ देशी भाषेंत आणला. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांच्या आंत तिकडे इटलींत दांते या कवीनें असें प्रतिपादन केलें कीं, मूल दाईच्या तोंडून नियम न घोकतां जी बोली उचलतें तीच अधिक थोर होय. मौजेची गोष्ट ही कीं, दांतेला हें सांगण्यासाठीं लॅटिनमध्यें ग्रंथ लिहावा लागला. ज्ञानेश्वरांनीं मात्र देशीची थोरवी देशींतच सांगितली.

आतां मुंबई इलाख्यांत या जोडविशेषणाचा संसार कसा चालला तें थोडक्यांत सांगतों. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर झाला. लोकांना ज्ञान द्यावयाचें तर तें त्यांच्या भाषेंतून दिलें पाहिजे, ही त्याची धारणा. १८२२ सालीं मुंबईंत शाळा आणि शालेय पुस्तकें यांसाठीं मंडळी स्थापन झाली. जॉर्ज जर्व्हिससारख्या अधिकाऱ्यानें आपल्या शास्त्र्यांच्या मदतीनें गणिताचीं पुस्तकें मराठींत आणलीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें ‘बाळमित्र’ निघालें. १८३१ सालीं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तयार झाला. १८३२ च्या ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ सुरू केलें. त्यांत इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारच्या स्तंभांत असे. एक स्तंभ दुसऱ्याच्या वर नव्हे, शेजारीं. ‘अँग्लो-मराठी’ या शब्दाचा सर्वांत सुंदर अर्थ मला त्या पानावर दिसतो.

परंतु वारा फिरला. १८३५ सालीं मेकॉलेचें प्रसिद्ध टिपण निघालें. पुढें मुंबईच्या शिक्षण मंडळांत सर अर्स्किन पेरी हे अध्यक्ष असतांना, १८४७ च्या सुमारास, माध्यमाचा मोठा वाद झाला. पेरीसाहेब इंग्रजीच्या बाजूचे. कर्नल जर्व्हिस आणि नाना शंकरशेट हे देशी भाषांच्या बाजूचे. बहुजनांपर्यंत ज्ञान पोंचवावयाचें तर तें त्यांच्या भाषेवांचून पोंचणार नाहीं, असें नानांचें म्हणणें होतें. १८५४ सालीं वुडचा खलिता आला. त्यानें वरच्या शिक्षणासाठीं इंग्रजी आणि सर्वसाधारण लोकांसाठीं देशी भाषा अशी वांटणी केली. ही वांटणी वाचावयाला समंजस वाटते. पण वर आणि खालीं हे दोन शब्द तिच्यांत कायमचे रुतून बसले.

त्या वांटणीचें दृश्य रूप म्हणजे आपली ए. व्ही. स्कूल. मराठी चार इयत्ता झाल्या कीं दहा-अकरा वर्षांच्या मुलापुढें वाट फुटे. एक वाट मराठी पांचवी, सहावी, सातवी अशी जाऊन ‘व्हर्नाक्युलर फायनल’ या परीक्षेपाशीं संपे. ती उत्तीर्ण झालेला माणूस प्राथमिक शाळेंत मास्तर किंवा गांवांत तलाठी होई. दुसरी वाट ए. व्ही. स्कुलांतून जाई. तेथें इंग्रजी पहिली, दुसरी, तिसरी. पुढें हायस्कुलांत चौथी ते सातवी. आणि मग मॅट्रिक. चार मराठी आणि सात इंग्रजी मिळून अकरा. माझ्या पिढीच्या जुन्या अकरावीचें मूळ या बेरजेंत आहे. या वाटेनें गेलेल्याला कॉलेज, वकिली, कचेरी हीं सर्व दारें उघडीं असत. एकाच ओसरीवर वाढलेल्या दोन भावांपैकीं एक या वाटेनें आणि दुसरा त्या वाटेनें गेला, म्हणजे पुढें त्यांच्या पगारांतच नव्हे, तर त्यांच्या बोलण्यांत, कपड्यांत आणि सोयरिकींतहि अंतर पडे.

आमच्या घरांत हें अंतर होतें. माझे आजोबा व्हर्नाक्युलर फायनल झालेले. त्यांचे धाकटे बंधु ए. व्ही. मधून मॅट्रिक झाले. दोघांची फी भरण्याची ऐपत घरांत नव्हती, म्हणून थोरल्यानें मराठी सातवीवर थांबावयाचें ठरलें. आजोबांचें अक्षर मोत्यासारखें होतें, हिशेब तोंडपाठ, मोरोपंतांच्या आर्या जिभेवर. पण धाकटे भाऊ घरीं आले, कीं सरकारी कागद आजोबा मुकाट्यानें त्यांच्यापुढें सरकवीत आणि स्वतः उठून विहिरीकडे जात. भावाचा त्यांना हेवा नव्हता. ते फक्त समजून चुकले होते कीं, ज्या भाषेंत ते शहाणे होते त्या भाषेंतल्या शहाणपणाला त्या कागदावर जागा नाहीं. श्रोतेहो, विशेषणाचें ओझें काय असतें तें मला त्यांच्यावरून कळलें.

हें विशेषण केवळ शाळेपुरतें राहिलें नाहीं. तें कायद्यांतहि शिरलें. १८७८ च्या मार्च महिन्यांत लॉर्ड लिटनच्या सरकारनें ‘व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्ट’ केला. देशी भाषांतील पत्रांच्या मुद्रक-प्रकाशकांकडून जामीन घेण्याचा, आणि सरकारविरुद्ध अप्रीति पसरविली असें वाटल्यास छापखाना जप्त करण्याचा अधिकार त्यानें दिला. त्याविरुद्ध कोर्टांत दाद मागण्याची सोय ठेवली नाहीं. इंग्रजी भाषेंतील पत्रांना मात्र तो कायदा लागू नव्हता. हा भेद किती विलक्षण होता हें पुण्याच्याच उदाहरणावरून पाहा. १८८१ च्या जानेवारींत चिपळूणकर, आगरकर, टिळक या मंडळींनीं दोन पत्रें काढलीं. इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’. माणसें तींच, छापखाना तोच आर्यभूषण, मतेंहि तींच. तरी एक पत्र त्या कायद्याच्या बाहेर आणि दुसरें त्या कायद्याच्या पकडींत! म्हणजे गुन्हा विचारांत नव्हता, भाषेंत होता. मराठींत म्हटलेली गोष्ट लोकांना समजते, हाच तिचा अपराध. दुसऱ्याच वर्षीं, १८८२ सालीं, लॉर्ड रिपनच्या कारकीर्दींत हा कायदा रद्द झाला. पण मला नेहमीं असें वाटतें कीं, मराठीच्या सामर्थ्याला याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणी दिलें नसेल. घरजन्म्या दासीचें बोलणें धन्याला इतकें भयंकर वाटलें कीं त्यासाठीं त्याला निराळा कायदा करावा लागला.

त्याच १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं आपलें निवेदन दिलें. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामांतून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. जोतीराव स्वतः मिशनच्या इंग्रजी शाळेंत शिकलेले; इंग्रजीचें मोल त्यांना पुरतें ठाऊक होतें. चिपळूणकरांचेंहि तसेंच. १८७४ सालीं ‘निबंधमाला’ काढून मराठी भाषेच्या स्थितीची चिंता वाहणाऱ्या या मराठीच्या कैवाऱ्यानें १८८० सालीं शाळा काढली, तिचें नांव ‘न्यू इंग्लिश स्कूल’! यांत कोणाला विसंगति दिसेल. मला दिसत नाहीं. इंग्रजी ही शिकावयाची विद्या आहे आणि मराठी ही विचार करण्याची भूमि आहे, हें ज्यांना ठाऊक होतें त्यांना दोहोंची भीति नव्हती. तिकडे विश्वविद्यालयानें आपल्या वरच्या परीक्षांतून काढून टाकलेली मराठी पुन्हां आंत यावी म्हणून न्यायमूर्ति रानडे झटले. त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस त्या खटपटीला फळ येऊन एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीला जागा मिळाली.

विसाव्या शतकांत या शब्दाची कळा उतरली. १८४८ सालीं अहमदाबादेस फोर्ब्ससाहेबानें स्थापन केलेल्या ‘गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी’नें १९४६ सालीं नांव बदलून ‘गुजरात विद्यासभा’ असें घेतलें. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत भाषा आपापल्या नांवांनीं बसल्या आहेत. १९५६ च्या दुरुस्तीनें प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय करण्याचें कलम घटनेंत आलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा माध्यम असावी असें म्हटलें आहे. ‘घरची भाषा’ हा शब्द पाहून मला हंसूं आलें. दोन हजार वर्षांनीं व्हारोचाच अर्थ परत आला, फक्त त्यांतला दास निघून गेला! आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

इतकेंच नव्हे, तर खुद्द इंग्रजींतहि या शब्दाला आतां मान आहे. १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत बर्नार्ड रुडॉफ्स्की यानें एक प्रदर्शन भरविलें. कोणा नामांकित स्थपतीवांचून, गांवच्या लोकांनीं गांवच्याच मातीदगडांतून उभारलेल्या घरांचीं चित्रें त्यांत होतीं. तेव्हांपासून ‘व्हर्नाक्युलर’ घरबांधणी हा अभ्यासाचा विषय झाला. कोकणांतलें जांभ्याचें घर, घाटावरचें धाब्याचें घर पाहावयाला परदेशचे विद्यार्थी आतां वह्या घेऊन येतात.

मग दुःख कशाचें? दुःख हें कीं, जगांत जो शब्द मानाला चढला तो आपल्या मुलांच्या तोंडीं शिवी होऊन राहिला आहे. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत मराठी शाळेंतून आलेल्या मुलाला ‘व्हर्नॅक’ म्हणण्याची रीत आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. लिटनचा कायदा चार वर्षांत गेला; हा कायदा कोणीं केला नाहीं, म्हणून तो रद्दहि होत नाहीं.

आणि आतां त्या जुन्या जोडविशेषणाच्या नव्या अवताराकडे वळतों. मी धायरीस राहतों. सिंहगडच्या वाटेवरचें, धारेश्वराच्या देवळाचें हें जुनें गांव. आज तें पुणें शहरांत आलें आहे. गव्हाच्या रानांच्या जागीं सात-सात मजली इमारती उठल्या, आणि त्यांच्याबरोबर शाळांच्या पाट्या. त्यांत एक शब्द ठिकठिकाणीं दिसतो, ‘सेमी-इंग्रजी’. गणित आणि विज्ञान इंग्रजींतून, बाकीचे विषय मराठींतून, असा त्याचा व्यवहारांतला अर्थ. ‘सेमी’ हेंहि लॅटिनच, अर्थ अर्धें. आतां हा समास फोडून पाहा. अर्धी इंग्रजी. मग उरलेली अर्धी कोण? तिचें नांवच नाहीं! ‘अँग्लो-व्हर्नाक्युलर’ या पाटीवर मराठीला निदान दुसरें आसन होतें. घरजन्मी म्हणून कां होईना, तिचा उल्लेख होता. आजच्या पाटीवर ती अध्याहृत आहे. आणि हें नांव कोणा साहेबानें दिलेलें नाहीं. आपल्या राज्यांत, आपल्या लोकांनीं, आपल्या मुलांसाठीं तें निवडलें आहे.

याचा अर्थ या शाळा वाईट, असें मी म्हणत नाहीं. घराजवळ असलेल्या अशा शाळेमुळें पुष्कळ मुलें मराठीपासून अगदींच तुटत नाहींत, हा त्यांचा मोठा गुण आहे. मला जें दिसलें तें सांगतों. शेजारची सहावीतली एक मुलगी गणित घेऊन माझ्याकडे येते. एल्. सी. एम्. काढण्यांत ती पटाईत. उभी रेघ मारून भराभर भाग देते. एके दिवशीं मीं तिला विचारलें, “बाळ, आपल्या स्टॉपवरून एक बस दर १२ मिनिटांनीं सुटते, दुसरी दर १८ मिनिटांनीं. दोन्ही आत्तां एकदम सुटल्या, तर पुन्हां एकदम केव्हां सुटतील?” ती म्हणाली, “आजोबा, यांत बेरीज करायची कीं गुणाकार?” मीं म्हटलें, “कांहींच करूं नको. पहिली बस केव्हां केव्हां सुटेल तें बोल.” ती बोलूं लागली, बारा, चोवीस, छत्तीस, मग दुसरीचें, अठरा, छत्तीस, आणि थबकून म्हणाली, “छत्तीस! अहो आजोबा, पण हें तर एल्. सी. एम्.च आहे!” तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मराठीचा म्हणून नव्हे, तर समजल्याचा होता. क्रिया तिला इंग्रजी अक्षरांत येत होती. अर्थ घरच्या भाषेंत पडून होता. दोहोंमध्यें जी आडवी रेघ लागते तीच कोणीं ओढलेली नव्हती.

लगेच कोणी म्हणेल, मराठी माध्यमाचें मूल तरी ‘लसावि’ काय समजून म्हणतें? बरोबर आहे. लघुतम साधारण विभाज्य हे शब्द फोडून न सांगतां नुसतें ‘लसावि’ घोकविलें, तर तीहि पोपटपंचीच. शिकवणारा आळशी असेल तर कोणतीच भाषा मुलाला तारीत नाहीं. पण ‘लघुतम’ हा शब्द फोडला तर मुलाला आंत कांहीं तरी ओळखीचें सांपडतें, आणि एल्. सी. एम्. फोडावयाचें तर आधीं इंग्रजी यावी लागते. एवढा भेद राहतोच.

म्हणून घरोघरच्या आईबापांना माझें सांगणें असें आहे. शाळा निवडतांना पाटीवरचें विशेषण वाचून थांबूं नका. मूल शाळेंतून आलें कीं आज काय शिकलास हें त्याला घरच्या भाषेंत सांगूं द्या. तें दोन वाक्यांत, हातवारे करून, स्वतःच्या शब्दांत सांगूं शकलें, तर शाळा कोणत्याहि माध्यमाची असो, चांगली चालली आहे असें समजा. पाठ केलेलें वाक्यच तें पुन्हां म्हणूं लागलें, तर मात्र सावध व्हा. इंग्रजी जरूर शिकवा, चांगल्या शिक्षकाकडून आणि मन लावून शिकवा. अर्धी नको, पुरी शिकवा. पण ती शिकतांना घरच्या भाषेची लाज वाटली पाहिजे, अशी फी कोणत्याहि शाळेला देऊं नका. आणि आपल्या ऐकण्यांत कोणी कोणाला ‘व्हर्नॅक’ म्हणालें, तर न रागावतां त्याला त्या शब्दाचें मूळ सांगा. व्हर्ना म्हणजे घरांत जन्मलेला. त्याला विचारा, बाबा रे, तूं कोठें जन्मलास?

जांभेकरांच्या ‘दर्पणां’त दोन स्तंभ शेजारीं होते. वाचकाला दोन्हीकडे पाहतां येई आणि एकावरून दुसरा ताडून घेतां येई. आपल्या मुलांच्या मनांतहि दोन भाषांची मांडणी तशीच, शेजारीशेजारची व्हावी, इतकी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.